बोट गेलं त्या दिवशीचा कागद वाचवा

महापे, पावणे, रबाळे, तुर्भे पट्ट्यातले कामगार, त्यांच्या घरची माणसं, डॉक्टर, छोटे कारखानदार आणि सर्व रहिवासी यांना जाहीर आवाहन



गेल्या दोन वर्षांत तुम्हाला किंवा तुमच्या घरातल्या कुणाला कामावर इजा झाली असेल आणि भरपाईचा दावा अजून दाखल केला नसेल, तर आधी अपघाताची तारीख मोजा. दाव्याची मुदत दोन वर्षांची आहे. योग्य कारण दिलं तर उशीर माफ होऊ शकतो, पण तो माफ करणं दावा ऐकणाऱ्या अधिकाऱ्याच्या हातात असतं. त्या भरवशावर बसू नका.

दिघ्यापासून शिरवण्यापर्यंत पसरलेली आपली टीटीसी एमआयडीसी रात्रंदिवस चालते. महापे सर्कलवरून जाणाऱ्याला मिलेनियम बिझनेस पार्कच्या काचा दिसतात. आतल्या गल्ल्यांत प्रेसशॉप, मोल्डिंग, छपाई, पॅकिंग आणि केमिकलचे गाळे आहेत. तिथले हेल्पर, ऑपरेटर, लोडर बहुतेक ठेकेदाराच्या हाताखाली असतात. कुणी मराठवाड्यातून आलेला, कुणी उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशातून. स्फोट झाला की सगळ्यांचं लक्ष जातं. 23 मे 2024 रोजी डोंबिवली एमआयडीसीत अमुदान कंपनीत स्फोट झाला तेव्हा मंत्री आले, कॅमेरे आले, मृतांच्या वारसांना प्रत्येकी 5 लाखांची सरकारी मदत जाहीर झाली. प्रेसखाली गेलेल्या एका अंगठ्यासाठी कुणीच येत नाही. त्या अंगठ्याची भरपाई मात्र कायद्याने ठरलेली आहे, ती कुणाच्या मेहेरबानीवर नाही.

आम्हाला एकच गोष्ट कळकळीने सांगायची आहे. भरपाईची बहुतेक प्रकरणं कोर्टाची पायरी चढण्याच्या कितीतरी आधी, अपघातानंतरच्या पहिल्या दोन-तीन दिवसांतच बुडतात. आणि त्या दिवसांत जखमी माणूस स्वतः काहीच करू शकत नाही. करायचं ते आजूबाजूच्यांनी, म्हणजे तुम्ही-आम्ही.

पहिल्या तीन दिवसांत काय होतं

पॉवर प्रेसला दोन बटणं असतात. दोन्ही हातांनी ती एकदम दाबली तरच ठोका पडावा, म्हणजे हात डायपासून लांब राहतात. पण माल लवकर निघावा म्हणून एक बटण चिकटपट्टी लावून कायमचं दाबून ठेवलेलं असतं, नाहीतर प्रेस पायाच्या पेडलवरच चालवतात. रात्रपाळीचा शेवटचा तास. पत्रा वाकडा बसला. तो सरळ करायला हात आत जातो आणि झोपेच्या तारेत पाय पेडलवर पडतो.

पुढचं सगळं ठरल्यासारखं घडतं. रुग्णवाहिका येत नाही. सुपरवायझर पोराला दुचाकीवर मध्ये बसवून नेहमीच्या नर्सिंग होममध्ये नेतो. वाटेत बजावतो, "घरी दरवाजात सापडलं म्हण. नाहीतर पोलिसांचं लफडं होईल. खर्चाची काळजी करू नको, शेठ करतील." केसपेपरवर तेच उतरतं. यंत्रावरची इजा ही खरं तर मेडिको-लीगल केस, म्हणजे पोलिसांना कळवायची. ती नोंद टळते. दुसऱ्या दिवशी प्रेस पुसून चालू होते, चिकटपट्टी निघालेली असते. हजेरीत त्या रात्रीपुढे गैरहजर. तिसऱ्या दिवशी ठेकेदार पंधरा-वीस हजार रुपये आणि एक कोरा कागद घेऊन येतो. "इथे सही कर. हात बरा झाला की ये, काम कुठे पळून जात नाही." टाके निघेपर्यंत फोन उचलला जातो, त्यानंतर नाही.

सहा महिन्यांनी हा पोरगा वकिलाकडे पोचतो तेव्हा त्याच्याजवळ काय असतं? अपघात घरी झाला असं सांगणारा केसपेपर, आणि 'सर्व हिशेब मिळाला, काही तक्रार नाही' या टाइप केलेल्या ओळीखाली त्याचीच सही. सगळेच कारखानदार असे वागतात असं आमचं म्हणणं नाही. पण हे घडतं ते इतक्या सराईतपणे, की याला अपवाद म्हणता येत नाही.

एका अंगठ्याचा हिशेब

कायद्याची वाट दोन प्रकारची आहे आणि आपण कुठल्या वाटेवर आहोत हे आधी पाहावं लागतं.

पहिली वाट कर्मचारी राज्य विम्याची, म्हणजे ईएसआयची. दहा किंवा अधिक माणसं असलेला कारखाना आणि महिना 21 हजारांपर्यंत पगार असेल तर ती लागू होते. तुमच्या पगारातून पाऊण टक्का कापला जातो, मालक सव्वातीन टक्के भरतो. कामावरच्या इजेसाठी किती महिने वर्गणी भरली ही अट नाही, पहिल्या दिवसापासून हक्क असतो. उपचार विम्यातून होतात, त्यासाठी वाशीचं कामगार रुग्णालय आहे. काम करता येत नाही तोवर रोजच्या सरासरी पगाराच्या 90 टक्के दराने पैसे मिळतात. कायमचं अपंगत्व आलं तर वैद्यकीय मंडळ टक्केवारी ठरवतं आणि त्या प्रमाणात आयुष्यभर दरमहा रक्कम मिळते. मंडळाने टक्के कमी धरले तर अपील करता येतं. आता अंगठा गेला तर सूचीप्रमाणे 30 टक्के. 15 हजार पगाराच्या कामगाराला महिन्याला सुमारे 4 हजार रुपये, हयातभर.

दुसरी वाट 1923 च्या भरपाई कायद्याची. जिथे ईएसआय लागू नाही तिथे मालकाने स्वतः एकरकमी भरपाई द्यायची. दोन्ही वाटांवरून एकाच इजेचे पैसे घेता येत नाहीत. हिशेबाची रीत ठरलेली आहे. पूर्ण अपंगत्व आलं तर पगाराचे 60 टक्के गुणिले वयाचा गुणक. मृत्यू झाला तर 50 टक्के गुणिले तोच गुणक. पंचविसाव्या वर्षाचा गुणक 216.91. म्हणजे 15 हजार पगाराच्या पंचवीस वर्षांच्या हेल्परसाठी 9,000 गुणिले 216.91, एकूण 19,52,190 रुपये. अंगठ्याचे त्यातले 30 टक्के, म्हणजे 5,85,657 रुपये. उपचाराचा प्रत्यक्ष खर्च वेगळा. रक्कम महिन्याभरात दिली नाही तर वर्षाला 12 टक्के व्याज, आणि उशिराला सबळ कारण नसेल तर रकमेच्या निम्म्यापर्यंत दंड.

ठेकेदाराने पुढे केलेल्या वीस हजारांशेजारी हा आकडा ठेवून बघा.

21 नोव्हेंबर 2025 पासून सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली आणि हे दोन्ही जुने कायदे तिच्यात आले. दोन वर्षांची मुदत, महिन्याभरात रक्कम देण्याचं बंधन आणि 12 टक्के व्याज ही चौकट तीच आहे. "जुना कायदा गेला, आता काही मिळत नाही," असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. त्या तारखेच्या आधीच्या अपघाताचा हक्कही बुडालेला नाही.

गाळ्यागाळ्यांत ऐकवल्या जाणाऱ्या थापा

"तू आमचा नाहीस, ठेकेदाराचा आहेस." काम कारखान्याच्या धंद्याचं असेल तर मूळ मालक जबाबदार असतो. त्याने नंतर ठेकेदाराकडून वसूल करावं, तो त्यांचा आपसातला मामला.

"चूक तुझीच होती." भरपाईला चुकीचा हिशेब नाही. नशा केलेली असणं, सुरक्षेचा स्पष्ट नियम मुद्दाम मोडणं किंवा गार्ड जाणूनबुजून काढणं, एवढेच अपवाद. आणि मृत्यू किंवा संपूर्ण कायमचं अपंगत्व आलं तर तेही चालत नाहीत. दमलेल्या माणसाचा हात चुकला याला कायदा गुन्हा मानत नाही.

"तू सही केली आहेस." हक्क सोडून देणारा करार कायद्याने रद्दबातल असतो. भरपाईची तडजोड दावे ऐकणाऱ्या अधिकाऱ्यापुढे नोंदवावी लागते. मृत्यू झाला असेल तर रक्कम अधिकाऱ्याकडेच जमा करावी लागते, विधवेच्या हातात परस्पर टेकवलेले पैसे भरपाई म्हणून धरले जात नाहीत. म्हणून सही होऊन गेली असली तरी हातपाय गाळू नका, दावा करा.

"तुझं नाव ईएसआयमध्ये नाही." नाव नोंदवणं हे मालकाचं काम, तेही कामावर ठेवल्यापासून दहा दिवसांत. त्याने ते टाळलं म्हणून कामगाराचा हक्क जात नाही, महामंडळ मालकाकडून वसूल करू शकतं. वाहन उद्योगातल्या अपघातांवर 'सेफ इन इंडिया' ही संस्था 2019 पासून 'क्रश्ड' नावाचे अहवाल काढते. बोटं गमावलेल्या अनेकांना ईएसआयचं कार्ड अपघात झाल्यावरच मिळालं, हे त्यांत पुन्हा पुन्हा दिसतं.

"गावी गेलास, आता इथे कोण लढणार?" दावा अपघाताच्या ठिकाणीच करावा असं नाही, तुम्ही राहता तिथेही करता येतो. महाप्यातला अपघात ठाण्याच्या कामगार न्यायालयात नेता येतो, तसाच तुमच्या जिल्ह्यातही.

"एवढंसंच लागलंय." लागलं किती यापेक्षा त्या माणसाचा धंदा त्याने बंद पडला का, हे बघावं लागतं. एका सुताराचा डावा हात कोपराच्या वर कापावा लागला, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने पन्नास वर्षांपूर्वीच सांगितलं की एका हाताने सुतारकाम होत नाही, म्हणून हे शंभर टक्के अपंगत्व. भरपाई अपघाताच्या दिवशीच देय होते, हेही त्याच निकालात आहे.

"कामावर येताना झाला, कामावर नाही." याचं उत्तर आपल्या धाराशिव जिल्ह्यातल्या प्रकरणात मिळतं. साखर कारखान्याचा एक पहारेकरी एप्रिल 2003 मध्ये पहाटे तीनच्या पाळीवर दुचाकीने निघाला आणि कारखाना पाचेक किलोमीटरवर असताना अपघातात गेला. मागे बायको, चार मुलं आणि आई. भरपाई आयुक्तांनी 2009 मध्ये सव्वातीन लाखांच्या वर भरपाई मंजूर केली, उच्च न्यायालयाने 2011 मध्ये ती रद्द केली. सर्वोच्च न्यायालयाने ती पुन्हा कायम केली 29 जुलै 2025 रोजी. कामाची वेळ, जागा आणि प्रवास यांचा संबंध दिसत असेल तर वाटेतला अपघातही कामावरचाच, हे आता संहितेतही लिहिलेलं आहे. पण त्या बाईंना बावीस वर्षं थांबावं लागलं. पक्का कागद असलेल्यांना इतकं लढावं लागतं, तर कागद नसलेल्याचं काय होत असेल?

ही मागणी 1884 सालची आहे

नारायण मेघाजी लोखंडे यांनी रविवारची सुट्टी मिळवून दिली हे आपण शाळेत शिकलो. सप्टेंबर 1884 मध्ये मुंबईच्या गिरणी कामगारांच्या सभा घेऊन त्यांनी जे निवेदन तयार केलं, त्यावर साडेपाच हजार कामगारांच्या सह्या होत्या. त्यात रविवारच्या सुट्टीशेजारी आणखी एक मागणी होती: कामावर जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत पूर्ण पगार मिळावा, आणि जन्माचा अधू झालेल्याच्या उदरनिर्वाहाची सोय व्हावी. त्याच वर्षी जुलैमध्ये जर्मनीत बिस्मार्कने कामगारांच्या अपघात विम्याचा कायदा केला. आपल्याकडे रविवार 1890 मध्ये मिळाला, भरपाईचा कायदा यायला 1923 उजाडलं. सुट्टी कुणी नाकारत नाही, कारण ती सगळ्यांना दिसते. भरपाई नाकारता येते, कारण ती एकट्या माणसाला, दवाखान्याच्या खाटेवर, कुणी बघत नसताना नाकारली जाते.

म्हणून हे आवाहन

सोबतच्या कामगारांनो, अपघात होताच आधी माणूस सांभाळा. तुटलेलं बोट स्वच्छ ओल्या कापडात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत बंद करा आणि ती पिशवी बर्फात ठेवा, बोट थेट बर्फात टाकू नका. लवकर पोचलात तर जोडलं जाण्याची आशा असते. मग तुमच्यातल्या एकाने यंत्राचा, बटणांचा, सांडलेल्या रक्ताचा फोटो काढावा. पाळीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरचे निरोप, गेटपास, गुगल पे वर आलेला पगार, यातलं काहीही पुसू नका. या माणसाने त्या रात्री तिथे काम केलं, एवढं सिद्ध करायला ते पुरतं. कोऱ्या कागदावर त्याला सही करू देऊ नका. आणि उद्या साक्ष द्यायची वेळ आली तर नोकरीच्या भीतीने मागे हटू नका. दोघे-तिघे मिळून गेलात तर एकट्यावर डूख धरणं कुणालाही अवघड जातं.

घरच्यांनो, केसपेपर वाचा. वाचता येत नसेल तर वाचून घ्या. 'घरी लागले' असं लिहिलं असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना लेखी अर्ज देऊन खरी हकिगत नोंदवायला सांगा. डिस्चार्ज कार्ड, एक्सरे, औषधांची बिलं मूळ प्रती तुमच्याकडे ठेवा, ठेकेदाराला फक्त झेरॉक्स द्या.

मालकाला नोटीस द्यायला वकील लागत नाही. साध्या कागदावर एवढंच लिहा:

"मी, (नाव, पत्ता), आपल्या कारखान्यात (ठेकेदाराचे नाव) यांच्यामार्फत कामाला आहे. दिनांक ____ रोजी ____ वाजता ____ यंत्रावर काम करताना माझ्या ____ ला इजा झाली. उपचार ____ रुग्णालयात झाले. कायद्याप्रमाणे भरपाई मिळावी."

हा कागद स्पीड पोस्टाने पाठवा आणि पावती जपून ठेवा. त्याची प्रत ईएसआयच्या शाखेला आणि औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयालाही द्या.

डॉक्टरांनो, तुमच्या दोन ओळींवर एका घराची पुढची चाळीस वर्षं अवलंबून असतात. रुग्णाला सुपरवायझरपासून बाजूला घेऊन विचारा. प्रेसने चिरडलेलं बोट आणि दरवाजात सापडलेलं बोट यातला फरक तुमच्याइतका कुणाला कळतो? दिसलं ते लिहा, मेडिको-लीगल नोंद करा.

छोट्या कारखानदारांनो, तुम्हीही याच वस्तीतले आहात. 15 हजारांच्या हेल्परमागे तुमचा ईएसआयचा हिस्सा महिन्याला 488 रुपये होतो. तो भरलेला असेल तर पावणेसहा लाखांचा दावा तुमच्या डोक्यावर येत नाही. दहापेक्षा कमी माणसं असतील तर भरपाईची विमा पॉलिसी घ्या, विमा कंपन्या ती देतात. चिकटपट्टी लावून वाचवलेल्या मिनिटांपेक्षा हे कितीतरी स्वस्त पडतं. आणि ज्या मोठ्या कंपन्यांसाठी तुम्ही माल बनवता त्यांनी दर ठरवताना यंत्राच्या गार्डचा खर्च धरावा, हे त्यांना सांगायला कचरू नका. आम्ही तुमच्या बाजूने उभे राहू.

वकील आणि कायद्याच्या विद्यार्थ्यांनो, औद्योगिक कामगाराला उत्पन्न न बघता मोफत कायदेशीर मदत मिळते, हे 1987 च्या विधी सेवा कायद्यात आहे. महाप्यातल्या किती कामगारांना ते ठाऊक असेल? आठवड्यातली एक संध्याकाळ नाक्यावर बसा आणि दावे लिहून द्या.

नगरसेवक, आमदार, अधिकारी यांच्याकडे तीन मागण्या आहेत. एक, भरपाईचे हक्क हिंदी आणि मराठीत प्रत्येक कारखान्याच्या फाटकावर लावायला लावा. कामावर घेतानाच हे हक्क सांगण्याचं बंधन तर 2017 मध्येच मालकांवर आलं होतं. दोन, खासगी दवाखान्यांत नोंदल्या जाणाऱ्या हात-बोटांच्या इजांची तपासणी करा, म्हणजे किती 'दरवाजे' खरे आहेत ते समजेल. तीन, दावा तीन महिन्यांत निकाली काढावा असं भरपाईच्या कायद्याने सांगितलं, त्यासाठी न्यायालयांना पुरेसे अधिकारी आणि कर्मचारी द्या.

आणि ज्यांचा कारखान्याशी काही संबंध नाही असं वाटतं त्या सर्वांनो: तुमच्या इमारतीचा वॉचमन, घरकाम करणाऱ्या ताईंचा नवरा, रोजचा रिक्षावाला यांच्यापैकी कुणाचा हात पट्टीत दिसला तर सहज विचारा, "कुठे लागलं? तारीख कोणती? कागद काय आहे?" कामावर लागलं असेल तर मोफत वकिलासाठी 15100 वर आणि ईएसआयसाठी 1800-11-2526 वर त्यांच्यादेखत फोन लावून द्या. ठाण्याच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात पहिल्यांदा जाताना सोबत जा. एकटा माणूस ऑफिसच्या दारातून परत फिरतो, सोबत कुणी असलं की आत जातो.

या मजकुराच्या प्रती काढा. हिंदी, उडिया, बंगाली येणाऱ्यांनी आपापल्या भाषेत तो लिहून काढावा. घणसोली, कोपरखैरणे, तुर्भे स्टेशनच्या जिन्यांवर, चहाच्या टपऱ्यांवर, खोल्यांच्या चाळींत, मेसच्या भिंतींवर लावा. सुरुवात येत्या रविवारी करू. त्या दिवशी आपल्याला सुट्टी आहे, ती लोखंड्यांनी मिळवून दिली. त्यांच्या निवेदनातली राहिलेली मागणी पदरात पाडून घ्यायला तोच दिवस वापरू या.